कावळ्याने नेलेली टाच

"हातात धरून बघा, काकू. नुसतं बघून नाही कळायचं," असं म्हणत दुकानदार नागुमोने काळी रायफल हिसाएच्या हातात ठेवली, आणि हिसाएच्या मनगटाने लगेच कुरकुर केली. शनिवारची दुपार होती. सकाळपासून रुग्णालयाच्या धुलाईघरात ओल्या चादरी ओढून तिचे हात आधीच कामातून गेले होते. त्यात ही तिसरी बंदूक.

बंदुका तशा खेळण्यातल्याच. बॅटरीवर चालणाऱ्या, प्लॅस्टिकचे पांढरे छर्रे मारणाऱ्या. पण वजनाला आणि रूपाला खऱ्यासारख्या. त्या घेऊन रविवारी रानात लढाई खेळणारी माणसंही काही लहान नसत, चांगली पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे बांधलेली असत. हिसाएचा नवरा मोरिहिको त्यातलाच एक. आठवडाभर चिबाच्या बंदरावर क्रेन चालवायचा आणि रविवार उजाडला की ठिपक्याठिपक्यांचे कपडे चढवून याचिमाताच्या रानात पसार व्हायचा. संध्याकाळी यायचा तो चिखलाने माखून. मग त्याच्या खिशातले छर्रे वेचणं, कपडे भिजत घालणं, धुणं आणि बाल्कनीत वाळत टाकणं हा हिसाएचा रविवार. आठवडाभर लोकांच्या चादरी आणि रविवारी नवऱ्याची लढाई, असं ती शेजारणीला म्हणायची.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने एकदाच विचारलं होतं, येतेस का म्हणून. ती म्हणाली होती, मला काय तेवढीच कामं आहेत? त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात तो गेला, क्रेनवरून उतरून हातमोजे काढता काढता. कपाट उघडलं की त्याच्या बंदुका समोर उभ्या दिसायच्या. महिनाभर तिने ते सहन केलं आणि मग याच जुन्या बंदुकांच्या दुकानाला फोन करून सगळ्या एकदम नेऊन टाकायला सांगितल्या. किती देता हेही धड विचारलं नाही.

कपाट मोकळं झालं. रविवार मात्र अंगावर यायला लागला. पूर्वी निदान संध्याकाळी तो संपायचा. दारात चिखलाचे बूट वाजले की संपायचा. आता तो सकाळी सुरू व्हायचा आणि नुसता पडून राहायचा.

म्हणून मोरिहिकोच्या टोळीचा म्होरक्या सुगाया याचा फोन आला, की येत्या रविवारी आम्ही त्याच्या नावाने एक डाव खेळतोय, वहिनी तुम्ही बघायला या, डबा आमच्याकडे, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "बघायला नाही. खेळायला येते." सुगाया टॅक्सी चालवायचा, त्याचं तोंड मीटरसारखं चालू असे. तो लगेच म्हणाला, मैदानावर भाड्याने बंदूक मिळते. तेही तिला नको होतं. भाड्याची घेतली की माणूस पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखा जातो. तिला एकदा जाऊन परत यायचं नव्हतं. पुढच्या रविवारीही जायचं होतं, त्याच्या पुढच्याही. हे मात्र तिने सुगायाला सांगितलं नाही.

तर आज सुगाया आपल्या टॅक्सीत घालून तिला इथे घेऊन आला होता. तीस हजार येन तिने बाजूला काढले होते. त्यात सगळं बसवायचं. नागुमो भला माणूस. त्याने बंदुकीकडे वळायच्या आधीच तोंड झाकणारा जाळीचा मुखवटा आणि डोळ्यांवरचा मोठा चष्मा काढून ठेवला. हिसाएला आधीच चष्मा, तेव्हा साधा, स्वस्त प्रकार चालणार नव्हता, चष्म्यावर चष्मा बसेल असा हवा होता. महागातला घ्यावा लागला. तीस हजारांतला बराच भाग तिथेच गेला.

"आधी डोळे, मग बंदूक," सुगाया म्हणाला. "हे तुमच्या मालकांचंच वाक्य हं, वहिनी. नवा कोणी आला की पहिल्यांदा त्याचे डोळे बघायचा. चष्मा धड नसला की हाकलून द्यायचा घरी."

"घरी स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते ठाऊक नसायचं," हिसाए म्हणाली.

"पण मैदानावर असा माणूस होणे नाही. आमच्या खेळात पंच नसतो, वहिनी. छर्रा एवढासा. कुणाला लागला ते लांबून दिसत नाही. ज्याला लागतो त्यानेच हात वर करायचा, 'हिट' म्हणून ओरडायचं आणि बाहेर जायचं. किती जण गपचूप खेळत राहतात. मोरिहिको? झाडाआड असला, कुणी बघितलं नसलं, नुसतं बाहीला चाटून गेलं असलं, तरी पहिला हात त्याचा."

हिसाएला हे ऐकून नवल वाटलं. घरी हा माणूस फुटलेला पेला न बोलता कपाटात मागे सरकवून ठेवणारा. कुणी फोडला विचारलं की पेपरात डोकं घालणारा. असा हात वर करणारा मोरिहिको तिने कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याबद्दल ऐकावं तसं ती ऐकत राहिली, आणि तिला थोडा रागही आला.

नागुमो दुसरी दाखवायला आत गेला तेव्हा पाय दुखतात म्हणून ती भिंतीजवळच्या स्टुलावर टेकली. समोरच्या फळीवर वापरलेल्या रायफली ओळीने आडव्या ठेवल्या होत्या, नळ्या भिंतीकडे, दस्ते पुढे. तिच्या डोळ्यांच्या उंचीला होते ते दस्ते. एका दस्त्याच्या मागच्या बाजूला, जो खांद्याला टेकतो तिथे, एक जाड जांभळा रबराचा तुकडा चिकटवलेला होता. तुकड्यावर बारीक बारीक फुलं.

हिसाए पुढे वाकली. मग तिने तो तुकडा बोटाने चाचपला.

बाल्कनीतली जांभळी सपात. कपडे वाळत घालताना घालायची. कित्येक वर्षांपूर्वी एका सकाळी डावी सपात टाचेकडे अर्धी कापल्यासारखी सापडली होती, आणि तिने घर डोक्यावर घेतलं होतं. कावळेच न्यायचे त्या बाल्कनीतून, चिमटे न्यायचे, तारेचे हँगर न्यायचे. तिने मोरिहिकोला सांगितलं, काहीतरी करा त्या कावळ्यांचं. त्याने निमूटपणे गाण्यांच्या जुन्या तीन सीड्या दोरीला बांधून बाल्कनीत टांगल्या. वाऱ्याने चकाकत फिरायच्या. अजून फिरत होत्या. सपात चांगली होती, टाकवेना, म्हणून डावी टाच अधांतरी ठेवून ती अजून कपडे वाळत घालत होती.

"म्हणजे कावळा नव्हता," ती म्हणाली.

सुगायाला काही कळेना. तो जवळ आला, बंदुकीकडे बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. "अरे, ही तर त्याची. ही खांद्यावरून निसटायची. म्हणून त्याने रबर लावलं होतं. आम्ही विचारलं, कुठून आणलंस हे फुलाफुलांचं? तर म्हणाला, घरचं आहे." सुगायाने डोळे पुसले आणि नागुमोला हाक मारली.

नागुमोने बंदुकीला लावलेली किमतीची चिठ्ठी वाचली. दस्त्याला ठिगळ म्हणून किंमत उतरवली होती. उतरवूनसुद्धा ती घेतली तर मुखवटा परत करावा लागला असता.

"मुखवटा माझा देतो मी," सुगाया घाईने म्हणाला. "माझ्याकडे जुना आहे. वहिनी, हीच घ्या. ही मैदानावर आली तर पोरांना किती बरं वाटेल. तो आल्यासारखंच."

हिसाएने रायफल उचलली. जड होती, आजवरच्या तिन्हीपेक्षा जड. दस्ता खांद्याला लावला तर पुढचा हात पोचेना. मोरिहिकोचे हात लांब होते. गाल टेकवला तेव्हा तिला त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास येईल असं वाटलं, पण दुकानदारांनी ती चांगली पुसून ठेवलेली होती. रबर मात्र खांद्यात छान बसलं, जरासुद्धा सरकलं नाही. तिला रडू आलं नाही. इतकी दमली होती की रडायलाही बळ नव्हतं. पण घ्यावीशी वाटली. खूप वाटली. परत नेऊन कपाटात उभी करावी, निदान तेवढं तरी. ती तशीच उभी राहिली आणि नळी हळूहळू खाली झुकायला लागली, वजनाने.

"संध्याकाळपर्यंत पेलेल का, काकू?" नागुमोने हळूच विचारलं.

"नाही पेलणार."

"आम्ही धरू की आळीपाळीने," सुगाया म्हणाला.

हिसाएने रायफल जागेवर ठेवली. "भाऊजी, रागावू नका. तुम्हाला त्यांना आणायचंय मैदानावर. मला मी म्हणून जायचंय."

सुगायाने टोपी काढून पुन्हा घातली, आणि मग खिडकीतून आपल्या टॅक्सीकडे बघत राहिला. हिसाएला त्याचं वाईट वाटलं. त्यानेही मित्र गमावला होता आणि त्याला कुणी सांत्वनाला गेलं नव्हतं.

नागुमोने आखूड, हलकी, प्लॅस्टिकची एक रायफल आणली. पहिल्यांदा खेळणारे बहुतेक हीच नेतात म्हणाला. दिसायला काही खास नव्हती, पण हिसाएने खांद्याला लावली तर हात पोचला. चार्जर आणि छर्ऱ्यांची पिशवी धरून पैशांत बसली. दस्ता गुळगुळीत होता, खांद्यावरून जरा घसरत होता. नागुमो बांधाबांध करताना म्हणाला, ते रबर हवं असेल तर काढून देतो, गिऱ्हाइकांना ते आवडत नाही तसंही.

"राहू दे," हिसाए म्हणाली. "ज्याच्याकडे जाईल त्याची निसटेल नाहीतर."

टॅक्सीत सुगाया मीटर न टाकता बोलत होता. उद्या सकाळी घ्यायला येतो, पाणी जास्त घ्या, गळ्याला टॉवेल गुंडाळा, छर्रा मानेवर झोंबतो. ती हो हो म्हणत होती. घरी आल्यावर खोका तसाच स्वयंपाकघरात ठेवून तिने चहा केला, पाय वर करून बसली आणि कपातला चहा निवून गेला तरी बसून राहिली. कपाटाकडे बघावंसं वाटलं नाही. मग उठून खोका उघडला आणि रायफल खांद्याला लावून बघितली. घसरली. पुन्हा लावली. पुन्हा घसरली.

ऊन कलत आलं होतं. कात्री आणि गोंदाची नळी घेऊन ती बाल्कनीत गेली. सीड्या संथ फिरत होत्या. तिने उजवी सपात उचलली, उलटी करून मांडीवर धरली आणि टाचेकडून कापायला लागली. रबर चिवट होतं. त्याने कसं कापलं असेल, तिची चाहूल घेत, तिला धुलाईघरातून यायला उशीर झालेल्या कुठल्या तरी दिवशी, असं तिच्या मनात आलं आणि ती हसली. तुकडा निघाला. फुलं थोडी झिजलेली होती, पण चालण्यासारखी होती. तिने तो दस्त्यावर चिकटवून दाबून धरला, गोंद धरेपर्यंत.

मग सपाता पायात घालून ती उभी राहिली. इतक्या वर्षांनी दोन्ही टाचा सारख्याच खाली टेकल्या, गार फरशीवर. समोरच्या तारेवर एक कावळा बसला होता. तो दुसरीकडेच कुठेतरी बघत होता, शेजारच्या बाल्कन्या रिकाम्या होत्या. कुणी बघितलं नव्हतं. हिसाएने कात्री कठड्यावर ठेवली आणि छर्रा लागल्यासारखा हात वर केला.