चार लाख माणसांची बाटली

शहराला साथीबद्दल विचारायचे दोन मार्ग होते. पहिला घरोघर जाण्याचा. आरोग्यखात्याच्या बाया फॉर्म घेऊन दारं ठोठावत, "घरात कुणाला ताप?" म्हणून विचारत, आणि आतून तापाने फणफणलेला माणूस खणखणीत आवाजात "कुणालाच नाही" असं सांगे. ताप कबूल केला की दारावर लाल चिठ्ठी लागे, आणि चिठ्ठीपेक्षा ताप परवडला यावर साऱ्या शहराचं एकमत होतं. एरवी त्याचं कशावरच एकमत होत नसे.

दुसरा मार्ग गटाराचा. गटाराला शेजारी काय म्हणतील याची धास्ती नसते, आणि ते फॉर्म भरत नाही.

हा दुसरा मार्ग ज्याच्या हातात होता त्याला प्रयोगशाळेत 'नमुनेवाले' म्हणत. खात्यातले जुने सोबती त्यातलं 'वाले' गाळून टाकत. बावीस वर्षं तुंबलेली गटारं मोकळी करण्यात गेल्यावर साथीने त्याला एकदम विज्ञानात बढती दिली होती. पगार तोच.

काम सोपं होतं. नदीपलीकडच्या भागाचं सगळं सांडपाणी पुलाच्या पोटातल्या एका मोठ्या नळातून अलीकडे येई. दर सोमवारी सकाळी सहाला पुलाशी जायचं, लोखंडी आकड्याने झाकण सरकवायचं, दोरीने डबा सोडायचा, एक बाटली भरायची आणि बर्फाच्या पेटीतून सातच्या आत पोचवायची.

पहिल्याच दिवशी त्याने बाटली टेबलावर आदळली तेव्हा प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "हळू हो काका. यात चार लाख माणसं आहेत."

त्याला वाटलं, बाई शिकून बिघडली. पण हळूहळू त्याला कळत गेलं. बाटलीतल्या जंतूंचा आकडा चढला की आठ दिवसांनी रुग्णालयं भरत. म्हणून आकडा चढला की त्याच दिवशी शाळांच्या वर्गांतून बाकं बाहेर आणि खाटा आत जायच्या. ज्यांच्यासाठी खाटा मांडल्या जात ती माणसं अजून घरी मजेत पत्ते कुटत असत. त्यांना ठाऊक नसे, डॉक्टरांना ठाऊक नसे. गटाराला ठाऊक असे.

तेव्हापासून तो झाकण उघडलं की आधी कान देई. पूर्वी सव्वासहाला लांबून गाडी यावी तसा घुमत लोंढा यायचा. शहर उठल्याचा तो आवाज. साथीमुळे पूल बंद झाल्यावर तो बाटली घेऊन निघेपर्यंतही लोंढा येईनासा झाला. कामधंदाच नाही तर उठायचं कशाला? समोरासमोर राहून जन्मात एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक खाली अंधारात बिनतक्रार एक झालेले असायचे. सगळं आयुष्य ज्याला आपण घाण म्हणत आलो, त्यापुढे हा माणूस आता टोपी काढून बसायचा. वास मात्र येई तो येईच.

नियम असा होता की तीन सोमवार लागोपाठ शून्य आलं की पूल उघडायचा. पलीकडे त्याची मुलगी होती. पूल बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी ती बाळंत झाली. नात आता अडीच महिन्यांची होती आणि ती त्याने फक्त फोनवर पाहिली होती, तीही अर्धीच. उरलेली अर्धी जावयाच्या अंगठ्याखाली असायची.

पहिल्या सोमवारी शून्य आलं. दुसऱ्या सोमवारीही शून्य. वरच्या साहेबांनी 'आपण जिंकलो' असे फलक छापून घेतले. त्यांवर अक्षरांपेक्षा साहेबांचा फोटो मोठा होता.

तिसऱ्या सोमवारी झाकणाशी बसताना त्याच्या मास्कची नाडी तुटली. त्याने बाटलीचं बूच उघडलं आणि नाकाला दुसराच वास आला. बावीस वर्षांत त्या नाकाने शहराचे सगळे वास पचवले होते, पण गटारावर बसून स्वच्छतेचा वास कधी आला नव्हता. बाटलीच्या तळाला पांढरी भुकटी होती.

त्याने घरी फोन लावला.

"अगं, शनिवारी आणून ठेवतो त्या रिकाम्या बाटल्यांना तू हात लावतेस?"

"लावते म्हणजे? धुते चांगली. कुठल्या गटारातून आल्यात कुणास ठाऊक, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवता. ब्लीचिंग पावडरने धुते, आणि वर चिमूटभर आत टाकून ठेवते."

"कधीपासून?"

"झाले तीन आठवडे. आभार घरी येऊन माना."

 मग त्याने सांगितलं की पावडरने जंतूचा बाटलीतच चुरा होतो, आणि तो चुरा यंत्राला ओळखता येत नाही.

"म्हणजे ते शून्य..."

"तुझं होतं."

फोनवर नळ बंद केल्याचा आवाज आला. "वास आलेला कुणाला माहितीये?"

"मला. आता तुला."

"बाटली तशीच दिली तर?"

"उद्या पूल उघडेल. उद्या संध्याकाळी नात तुझ्या मांडीवर."

खाली नळातून पाणी वाहत होतं. ती म्हणाली, "आणि उद्याच अख्खं शहर लेकीच्या जिन्यावरून वरखाली करेल. बाळाला अजून मान धरता येत नाही हो. सांगून टाका. माझं नाव सांगा, मी कुणाला भीत नाही."

ती सगळ्यांनाच भीत होती, हे त्याला लग्नापासून माहीत होतं. त्याने सांगितलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "काकूंना सांगा, शहरातलं सर्वांत स्वच्छ गटार त्यांचंच," एवढंच त्या म्हणाल्या आणि कोरी बाटली त्याच्या हातात दिली. ती भरून आणल्यावर दुपारी आकडा आला. शून्य नव्हता. पण इतका लहान होता की मॅडम खुर्चीतून उठल्याच. "काका, एवढासा आहे म्हणजे कुठेतरी एकाच कोपऱ्यात आहे. प्रवाहाच्या उलट वर चढत गेलो तर कोपरा सापडेल. तुम्हाला पलीकडची झाकणं माहीत आहेत?"

बावीस वर्षांत त्याला कुणी एवढा सोपा प्रश्न विचारला नव्हता.

पास काढून तो पूल ओलांडून गेला. अट एकच: कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. मंगळवारी त्याने चार मोठ्या फाट्यांवर चार बाटल्या भरल्या. तीन कोऱ्या निघाल्या, जंतूच नव्हता. संध्याकाळी तीन लाख माणसं संशयाच्या नकाशावरून पुसली गेली, आणि त्यांना पत्ताही नव्हता. चौथ्या फाट्याच्या पोटफाट्यांवर त्याने रात्रीच बाटल्या भरल्या, आणि उरल्या सात गल्ल्या. तिसरी त्याच्या मुलीची होती.

बुधवारी तो त्या गल्लीच्या तोंडाशी झाकण उघडून बसला. तिसऱ्या मजल्यावरून हाक आली.

"बाबा, वर बघा ना."

त्याने पाहिलं. दुपट्याची एक गुंडाळी होती, तिच्यातून एक मूठ बाहेर आली आणि परत आत गेली.

"जेवलात?"

"जेवलो. आत जा, ऊन लागेल तिला. आणि तिची दुपटी धुतलीस?"

"आता भिजवलीत. का हो?"

"लगेच धू. मी थांबतो."

मुलगी आत गेली. बाप आजोबा झाल्यापासून बिघडला, असं तिला वाटलं असणार. काही वेळाने इमारतीचा पाइप खळखळला. तो आवाज भिंतीतून उतरला, फरशीखालून त्याच्या पायांशी आला, आणि गल्लीतल्या साडेसहाशे माणसांत मिसळून डब्यात पडला. त्याने बाटली भरली. पेटी गळ्यात होती, तरी प्रयोगशाळेपर्यंत ती त्याने दोन्ही हातांनी धरून नेली.

गुरुवारी आकडे आले. सहा गल्ल्या कोऱ्या. सातव्या गल्लीत डॉक्टर गेले. तिथे विचारलं तर ताप कुणालाच नव्हता, कधीच नव्हता. तपासल्यावर नऊ जण निघाले. ती एक गल्ली बंद ठेवून बाकीच्यांसाठी सोमवारी पूल उघडायचं ठरलं. चार लाखांतले नऊ. मॅडम नकाशापुढे नुसत्या उभ्या होत्या, आणि तो त्यांच्यामागे.

घरी बायको दारातच होती.

"पाहिलीत? कुणासारखी आहे?"

"तीन मजल्यांवरून काय दिसणार? एक मूठ पाहिली."

"मग काय कळलं तुम्हाला, कप्पाळ?"

त्याने चपला काढल्या. "ठणठणीत आहे. पोट साफ आहे. आणि तिच्या गल्लीतल्या साडेसहाशे जणांचंही."