चंदर तांडेलाचा दोर

मी दोर बोलतोय. गुरं बांधायचं दावं नव्हे, कपडे वाळत घालायची दोरी तर नव्हेच नव्हे. आधीच सांगून ठेवलेलं बरं. मी बोटीवरचा दोर आहे, श्रीवर्धनच्या चंदर तांडेलाच्या बोटीवरचा. तांडेल म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा, तो.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. यंत्रानं पिळलं, गुंडाळलं, दुकानात टाकलं. चंदरनं मला ताणून पाहिलं, दातांनी चावूनसुद्धा पाहिलं, आणि म्हणाला, "हा चालंल." झालं, मी समुद्रावर गेलो. जाळी ओढली, नांगर धरला. कोणाची बोट इंजिन बंद पडून भरकटली, की चंदर मला तिच्याकडे भिरकावायचा. मग ती वैऱ्याची का असेना. "आधी दोर, मग भांडण," असं त्याचं म्हणणं.

मग शुगरनं त्याचे डोळे खाल्ले. अलिबागच्या डॉक्टरांनीही हात टेकले. बोट पुतण्याकडे गेली आणि चंदरबरोबर मीही घरी आलो. ज्याच्या एका हाकेवर खलाशी धावायचे, त्याच्या हातात पाण्याचा तांब्याही दुसऱ्यानं द्यायचा!

भेटायला माणसं यायची. माणसांची एक खोड मला कधी कळली नाही. चंदर समोर बसलेला असायचा आणि ही मंडळी त्याच्या बायकोला, केसरला, विचारायची, "जेवतात का? झोप लागते का?" अरे बाबांनो, त्याचे डोळे गेलेत, कान नाही गेले! हळूहळू त्यानं ओट्यावर बसणंही सोडलं. दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

एका पहाटे तो चाचपडत किनाऱ्यावर गेला आणि पाण्यात शिरला. केसरनं छातीभर पाण्यातून त्याला ओढून आणला. "वाट चुकली," म्हणाला. ज्याची भर समुद्रात वाट चुकली नाही, त्याची स्वतःच्या दारात चुकते होय? त्या दिवसापासून झोपताना माझं एक टोक केसर त्याच्या मनगटाला बांधायची आणि दुसरं स्वतःच्या. मी भरलेली जाळी ओढली आहेत, बोटी ओढल्या आहेत, पण इतकं जड काही कधी धरलं नव्हतं.

त्यांची मुलगी हेतल कॉलेजात शिकते, पळण्यात पटाईत. गावात कुटुंब दौड ठरली. पाच किलोमीटरचा रस्ता, अख्ख्या घरानं पायी पार करायचा. एक जरी गाडीत बसला किंवा शेवटची फीत उतरवायच्या आत पोचला नाही, तरी घर बाद.

"पप्पा, एकदा. फक्त एकदा चला," हेतल म्हणाली. "दोराचं एक टोक तुमच्या हातात, एक माझ्या."

"लोकांना तमाशा दाखवू?"

"दाखवू की!" केसर उसळली. "मी रोज मरते, तो काय कमी तमाशा हाय?"

चंदर भिंतीकडून इकडे वळला. मग म्हणाला, "येतो. पण दौड पुरी झाली न्हाय, तर मला परत या खोलीतनं बाहेर काढायचं न्हाय. आणि रातचा हा दोरपण बांधायचा न्हाय. कबूल?"

हेतलनं आनंदानं कबूल म्हटलं. पोरच ती! केसरचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. दोर बांधायचा नाही म्हणजे काय, ते तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. सुपारीच्या वाड्यांमधून रस्ता जात होता. हेतल ओरडत होती, "डावीकडं खड्डा! आता चढ!" चंदर पाय आपटत, अडखळत, शिव्या देत धावत होता. मागून केसर, नऊवारीचा काष्टा आणि पायात शेजारणीचे बूट. पोरंटोरं, म्हातारे, सगळे आम्हाला टाकून पुढे गेले. जाऊ देत म्हटलं. आम्हाला कुठं बक्षीस हवं होतं?

अर्ध्या वाटेत केसरचा पाय मुरगळला आणि ती आडवी झाली. घोटा टरारून सुजला. दौडीचा कार्यकर्ता अल्पेश गाडी घेऊन आला. "काकी, बसा गाडीत. हट्ट नका करू."

"ती बसली की आम्ही बाद ना?" चंदरनं विचारलं.

"हो काका. पण त्याचं काय एवढं!"

माझ्यावरचं चंदरचं एकेक बोट सैल पडत गेलं. त्याला सुटका दिसली होती. दोराला काळीज नसतं म्हणे. मग त्या क्षणी माझं काय फाटलं?

"मी न्हाय बसायची!" केसर उठली, दोन पावलं टाकली आणि पुन्हा पडली. मग भर रस्त्यात तिनं हंबरडा फोडला. "देवा, एवढं तरी दे रे! दुसरं काय मागितलं तुझ्याकडं?"

चंदरची मान वळली. असं रडणं त्यानं कधी ऐकलं नसावं.

"इंजिन बंद पडलं का गो?" त्यानं हळूच विचारलं. आणि मला स्वतःच्या कमरेला आवळून दुसरं टोक तिच्याकडे फेकलं. "धर! दोन्ही हातांनी धर. हेतल, पुढं हो. वाट सांग!"

तो ओढू लागला. मागे केसर लंगडत, कण्हत येत होती. पुढे हेतल रडत रडत वाट सांगत होती. माझा पीळ अन् पीळ ताणला गेला.

शेवटचं वळण आलं आणि हेतल वाट सांगायची थांबली. समोर काही नव्हतं. कमान उतरवली होती, फीत गेली होती, मांडववाले खुर्च्या रचत होते.

"भोंगा का बंद?" चंदरनं विचारलं.

"लाइट गेली असंल," हेतल म्हणाली. मग आईच्या कानाशी लागली.

"आता मला चालवतंय," केसर मोठ्यानं म्हणाली. "दोर सोडा."

"पप्पा, इथनं सरळ रस्ता हाय. आम्ही पुढं जातो, तुमचा फीत तोडताना फोटो काढायचाय. माझ्या हाकेवर या."

चंदरनं मला कमरेवरून सोडलं. केसर मला घेऊन, तोंडात पदर कोंबून, लेकीच्या खांद्याचा आधार घेत पुढे गेली. दोघींनी मला रस्त्यावर आडवा ताणून धरला. शहाळी विकणाऱ्या वेणूबाईला सगळं उमगलं. तिनं टाळ्या सुरू केल्या, मग मांडववाल्यांनीही.

चंदर दोन्ही हात पसरून एकटा धावत आला. त्याची छाती माझ्यावर आदळली आणि हात माझ्यावर पडला.

तांडेलाला स्वतःचा दोर कळत नाही होय? त्याचा अंगठा माझ्या पिळावरून एकदा फिरला आणि थांबला. मेलो, म्हटलं! त्यानं एक शब्द काढायचा अवकाश, की दौड खोटी, कबुली खरी, आणि रात्री मी खुंटीवर.

"तुटली का गो फीत?" त्यानं विचारलं.

"तुटली," केसर कशीबशी म्हणाली.

"मग रडतेस काय? घोटा बरा कर. तवर हेतल नेईल मला धावायला."

सगळं बरं झालं, असं मी म्हणणार नाही. अजून काही रात्री तो उठून बसतो आणि मी त्याच्या मनगटावर जागा राहतो. पण सकाळी गाठ सोडून, धावायला निघताना मला तोच हातात घेतो. केसर बाजारात त्याच्या माघारी सगळ्यांना सांगते, "कसा फसवला माझ्या तांडेलाला!" सांगताना खळखळून हसते. कधी तिच्याकडे मासळी घ्यायला गेलात, तर तिचं सगळं ऐकून घ्या. फक्त त्याला कळलं होतं, एवढं तिला सांगू नका.