पूजेला मांडलेलं पिस्तूल

परदेशातल्या मराठी घरात दसऱ्याला एक अडचण हमखास येते: पूजेला शस्त्र कुठून आणायचं? आपले पूर्वज लढवय्ये होते असं सगळेच सांगतात, पण तलवार सुटकेसमध्ये घालून आणलेला अजून कुणी भेटलेला नाही. मग कुणी लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो, कुणी स्टेथोस्कोपला. नॉटिंगहॅमचे कमलाकर देवस्थळी मापं घ्यायचा आपला व्हर्नियर कॅलिपर पुजत. सायकलच्या कारखान्यात त्याच्याच जोरावर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. शेजारी सुनीतीबाईंचं लाटणं असे. "घरातलं खरं शस्त्र ते," हा कमलाकररावांचा दरवर्षीचा विनोद होता आणि सुनीतीबाई त्याला दरवर्षी न हसण्याची प्रथा पाळत.

पण एके काळी त्यांच्या पूजेच्या पाटावर खरोखरचं पिस्तूल असे.

ते दिवस आठवले की कमलाकररावांचा आवाज मऊ होई. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत पत्र्याची एक शेड होती, तोच पिस्तूल क्लब. रविवारी सकाळी तिथे एक खाटीक, एक शाळामास्तर, कोळशाच्या खाणीतले दोघे भाऊ आणि क्लबचा सेक्रेटरी रॉन, धंद्याने पोस्टमन, अशी मंडळी जमत. एकाहत्तर साली, कमलाकररावांचा रंग बघून लोक खोली भाड्याने द्यायला कां कू करत होते, तेव्हा रॉनने त्यांचं 'कॅम' असं बारसं केलं आणि आपल्या थर्मासमधला चहा पुढे केला. चहा भयंकर होता. कमलाकररावांनी तो पंचवीस वर्षं घेतला. पत्र्यावर पाऊस वाजायचा, तेलाचा वास यायचा, कागदी लक्ष्यावरची भोकं मोजताना एकमेकांची यथेच्छ टर उडायची. कमलाकररावांचा नेम बेताचाच होता. पण त्या शेडमध्ये 'तुम्ही मूळचे कुठले' असं त्यांना कुणी विचारत नसे. विचारत ते एवढंच, की साखर किती?

मग शहाण्णव साली स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावात एक माणूस पिस्तुलं घेऊन शाळेच्या व्यायामशाळेत शिरला. सोळा चिमुरडी मुलं आणि त्यांची शिक्षिका गेली. देश हादरला, कायदा झाला, पिस्तुलं जमा करा असा हुकूम निघाला. कमलाकररावांनी स्थानिक वर्तमानपत्राला खरमरीत पत्र लिहिलं: 'एका वेड्याच्या गुन्ह्याची शिक्षा हजारो शहाण्यांना का?' ते छापून आलं. पिस्तूल मात्र द्यावं लागलं. पोलीस ठाण्यात जाताना रॉनने टाय बांधला होता, एखाद्याच्या अंत्ययात्रेला निघाल्यासारखा. दोन वर्षांनी रॉनही गेला. पिस्तुलाच्या विरहाने गेला, असं कमलाकरराव सांगत. सुनीतीबाईंच्या मते सिगारेटने गेला.

या गोष्टी ऐकतच त्यांचा मुलगा अनिश मोठा झाला. नॉटिंगहॅममध्ये जन्मला, तिथेच शिकला आणि नोकरीसाठी अमेरिकेत, डॅलसला गेला. तिथे बायको देवयानी आणि पाच वर्षांची दिया. सणावाराला लॅपटॉपवर वेबकॅम लावून कमलाकरराव इकडून पूजा सांगत आणि अनिश तिकडे करत असे. देवाला यात काही अडचण नव्हती. असलीच तर ब्रॉडबँडला होती.

दोन हजार सातचा दसरा. देवयानी फार्मसीत ड्यूटीवर होती. पाटासमोर अनिश सोवळ्याऐवजी ट्रॅकसूट नेसून बसला होता आणि शेजारी परकर-पोलक्यात दिया.

"बाबा, एक मोठा सरप्राइज आहे हं," अनिश म्हणाला आणि त्याने पाटावरचा रुमाल उचलला.

झेंडूच्या पाकळ्यांत, कुंकवाचं बोट लावलेलं, काळंकुळकुळीत पिस्तूल!

कमलाकरराव खुर्चीतून पुढे झुकले. दहा वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली. "वा! कुठलं मॉडेल रे?"

"ख्रिसमसला तुम्ही येता ना, तेव्हा सांगतो. आपण शूटिंग रेंजवर जायचं. मी बुकिंग पण केला."

"अहो, मॉडेल काय विचारताय?" मागून सुनीतीबाई म्हणाल्या. त्या निवृत्तीपर्यंत प्राथमिक शाळेत मदतनीस होत्या. डनब्लेननंतर त्यांच्या शाळेच्या फाटकाला कुलूप आलं, ते रोज सकाळी त्याच उघडत. "अनिश, घरात लहान मूल आहे आणि हे कशाला रे आणलंस?"

"आई, चिल. गोळ्यांचा मॅगझीन काढला आहे, रिकामा आहे. इथे सगळ्यांकडे असतो. एप्रिलमध्ये व्हर्जिनियात त्या युनिव्हर्सिटीत काय झालं बघितलं ना? बत्तीस लोक मेले. तिथे एका चांगल्या माणसाकडे गन असता तर?"

"तर तेहतिसावा कोण, एवढाच प्रश्न उरला असता," सुनीतीबाई म्हणाल्या.

"एका वेड्यामुळे सगळ्या शहाण्यांना शिक्षा का? बाबा, तुम्हीच लिहिलं होतं. कटिंग अजून आहे माझ्याकडे."

आपलं वाक्य मुलाच्या तोंडून ऐकून कमलाकररावांना अभिमान वाटला. खोटं कशाला बोला, वाटला.

"तुमच्या क्लबातली माणसं सज्जन होती, मला मान्य आहे," सुनीतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "रॉनसारखा माणूस होणे नाही. पण सज्जनाचंही डोकं कधी फिरतं, सज्जनालाही झोप लागते, आणि सज्जनाच्या घरातही पोरंबाळं असतात."

"अगं, पूजा चाललीय. वाद नंतर. अनिश, कापूर लाव."

"लायटर किचनमध्ये आहे. एक मिनिट." अनिश उठून गेला.

चित्रात दिया उरली. तिने एक पाकळी उचलली, पिस्तुलाच्या तोंडावर ठेवली आणि बोटाने दाबली. पाकळी दिसेनाशी झाली.

"आजी, फूल आत गेला!" असं म्हणून तिने ते धूड दोन्ही हातांनी उचललं, उलटं फिरवलं आणि आत बघायला डोळ्याशी नेलं.

कमलाकररावांनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडावं तर पोर दचकेल आणि बोटं आवळेल. धावावं तर मध्ये अख्खा अटलांटिक!

"दिया," सुनीतीबाई म्हणाल्या, वर्गातल्या पोरांशी बोलावं तशा अगदी सहज. "स्टॅच्यू!"

हा आजी-नातीचा खेळ होता. 'स्टॅच्यू' म्हटलं की असेल तसं थिजायचं, 'ओव्हर' म्हणेपर्यंत हलायचं नाही.

चित्र थिजलं. डोळ्याशी नळी, कपाळावर बट, ओठ किंचित उघडे. आवाजही थांबला.

"बघा, किती शहाणी आहे," सुनीतीबाई पुटपुटल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की समईची ज्योतसुद्धा हलत नाहीये.

कनेक्शन गेलं होतं! मुलगी थांबली होती की नुसतं चित्र, हे कळायला काहीही मार्ग नव्हता. कमलाकररावांनी फोन उचलला. घाईत नंबर दोनदा चुकला. तिकडे घंटा वाजू लागली. पडद्यावरची नात तशीच होती.

"हॅलो? बाबा, नेट गेला काय?"

"अनिश, ओरडू नकोस. पळू नकोस. हळूच बाहेर जा आणि दियाच्या हातातलं काढून घे."

फोन बहुतेक ओट्यावर आपटला. मग काहीच नाही. सुनीतीबाईंनी नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आणि मग लांबून एक रडवेला, चिडलेला, जगातला सर्वांत गोड आवाज आला:

"पण आजीने ओव्हर नाही म्हटलं!"



"बाबा, घेतला, घेतला," अनिश धापा टाकत फोनवर आला. "शी इज फाइन. रिकामाच होता, सांगितलं ना."

"स्लाइड मागे ओढ."

"मॅगझीन मी सकाळीच..."

"ओढ म्हणतो ना!"

खट्ट आवाज झाला. पाठोपाठ पूजेच्या पितळी तबकात काहीतरी टणकन पडलं आणि गडगडत गेलं. ते काय होतं हे डॅलसमध्ये दिसलं, नॉटिंगहॅममध्ये कळलं. 

"मी उद्याच सेफ आणतो," अनिश म्हणाला. "चांगला. फिंगरप्रिंटवाला."

"सेफ माझ्याकडेही होती. शिस्तही होती, असं मी समजत होतो," कमलाकरराव म्हणाले. "क्लबात पंचवीस वर्षं मला शिकवलं होतं की पिस्तूल दिसलं की आधी विचारायचं, नळीमागचं चेंबर पाहिलंस का? मॅगझीन काढलं तरी एक गोळी तिथे उरू शकते. आणि आज नात शेजारी बसलेली असताना मी काय विचारलं? मॉडेल कुठलं! माझं चुकलं, अनिश. आज चुकलं आणि त्या पत्रातही चुकलं."

चाळीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' हे शब्द सुनीतीबाई प्रथमच ऐकत होत्या. एरवी त्यांनी काहीतरी टोला हाणला असता. आज त्यांनी फक्त डोळे पुसले.

"पण बाबा, तुम्ही दहा वर्षं मिस करता. तुमच्यासाठीच घेतला होता मी."

 उत्तर सुनीतीबाईंनी दिलं. "तुझ्या बाबांना पिस्तूल नाही आठवत रे बाळा. त्यांना रॉन आठवतो. परक्या मुलखात 'कॅम, ये, बस' म्हणणारं माणूस आठवतं. ते दुकानात मिळत नाही."

 कमलाकररावांनी खरंच आठवून पाहिलं. एकाही गोळीचा आवाज आठवला नाही. थर्मासच्या झाकणातली वाफ आठवली, खाणकामगार भावांचं भांडण आठवलं, टाय नीट करणारी रॉनची जाड बोटं आठवली.

तीन दिवसांनी अनिश पोलीस ठाण्यात गेला आणि पिस्तूल जमा केलं. तिथल्या अधिकाऱ्याला नवल वाटलं. चांगल्या घरचा माणूस, नवीकोरी वस्तू.

"बिघडलंय का काही?" त्याने विचारलं.

"नाही," अनिश म्हणाला. "उत्तम चालतं. म्हणूनच."

बंधुभगिनींनो, कायदा दुर्जनांसाठी असतो, आपल्यासारख्यांना त्याचा उगाच जाच, अशी आपली पक्की समजूत असते. अमेरिकेत तर ती घरोघरी उशाखाली ठेवलेली असते. पण दुर्जन जगात मोजके. कायदा खरा हवा असतो तो सज्जनाच्या एका बेसावध मिनिटासाठी, ज्या मिनिटात तो लायटर आणायला स्वयंपाकघरात जातो. जुने दिवस जरूर आठवावेत, त्यांच्यासाठी जरूर हळहळावं. पण ज्यात आपल्याच मुलाबाळांचा जीव टांगणीला लागतो, तो हक्क कितीही जुना आणि कितीही लाडका असो, आपल्या हाताने खाली ठेवावा. त्यात हार नाही. शौर्य असलंच, तर त्यातच आहे!