अर्थ अनिश्चित

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारी ती बाई तशीही एका जागी ठरणारी नव्हती. पण जनुक-चाचणीचा अहवाल हातात पडला आणि तिच्या पायाला भिंगरीच लागली. आई स्तनाच्या कॅन्सरने पंचेचाळिसाव्या वर्षी गेली, ताई बेचाळिसाव्या. हिला एकोणचाळीस चालू होतं. सहा आठवडे जीव टांगणीला लागला होता, आणि उत्तर काय आलं? ‘जनुकात बदल आढळला. अर्थ अनिश्चित.’

“म्हणजे धोका आहे की नाही?”

अहवाल समजावून सांगणारी समुपदेशक वयाने लहान होती, पण उडवाउडवी करणारी नव्हती. “सांगता येत नाही. आम्ही जगभरच्या नोंदींशी ताडून बघतो. नोंदी लाखो आहेत, पण बहुतेक परदेशातल्या; तुमच्यासारख्या घरांतल्या मूठभरही नाहीत.”

“कॅन्सर वॉर्डातल्या आमच्या बायकांच्या चादरी मी रोज गठ्ठ्याने मोजते. मग त्या बायका नोंदींत कशा नाहीत?”

“त्यांना कुणी विचारायलाच गेलं नाही,” समुपदेशक हळूच म्हणाली. “घरातले आजारी आणि धडधाकट, दोन्ही तपासले तर काहीतरी हाती लागेल.”

ताईच्या पेशींचा जपून ठेवलेला नमुना इस्पितळातच मिळाला. सत्तरीतला थोरला मामा लगेच तयार झाला. अडलं ते मावशीपाशी. तिलाही तो आजार होऊन गेला होता, पण ही आणि मामा सोडून कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

“पोरीचं लग्न व्हायचंय. घराण्याच्या रक्तात खोट आहे म्हणून दवंडी पिटू?” मावशीने दार लावून घेतलं.

ही दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा गेली. चौथ्या खेपेला दार मावसबहिणीने उघडलं. “आई सांगत नाही. तू तरी सांग, काय लपवताय?”

जिभेवर आलेलं तिने गिळलं. ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. ती उंबऱ्यावर चपला काढत-घालत राहिली.

आतून मावशी म्हणाली, “मला कॅन्सर झाला होता. तू नऊ वर्षांची होतीस. उन्हाळाभर मामाकडे ठेवलं होतं ना तुला, तेव्हा.”

मुलगी आत गेली. मग आईचा हात धरून म्हणाली, “चल, दोघी जाऊ.”

मावशीत तो बदल निघाला, ताईत निघाला. मामात नव्हता, मावसबहिणीतही नव्हता. परदेशातल्या दोन कुटुंबांच्या नोंदी जुळल्या आणि अनिश्चितचं ‘घातक’ झालं. धोका खरा होता, पण आता काय करायचं ते तिला ठाऊक होतं. दोन महिन्यांत, आजार होण्याआधीच, दोन्ही स्तन काढायची शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या भागात कॅन्सर नव्हता.

ती कामावर परतली, तेव्हा समुपदेशक मुद्दाम धुलाईघरात आली. “दुसऱ्या एका बाईत तोच बदल सापडलाय. तुमच्या घरच्या नोंदींमुळे तिला मात्र पहिल्याच अहवालात स्पष्ट उत्तर मिळालं.”

“तिला बहिणी आहेत?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“मला नका सांगू. पण असतील तर आजच बोलवा त्यांना,” ती म्हणाली आणि समुपदेशक जिना चढेपर्यंत दारात येरझाऱ्या घालत राहिली.