चार लाल पट्टे

मित्रांनो, मी जुनी घोंगडी आहे खरी, पण मला फाटकी म्हणू नका. लामा नावाच्या, उंटासारख्या मानेच्या पहाडी जनावराच्या लोकरीची आहे मी. तितिकाका सरोवराकाठी मेल्चोराने मला आपल्या बापासाठी, लोरेन्सोसाठी विणले आणि काठावर सुईने चार लाल पट्टे भरले. ती आमच्या गावाची खूण.

पोतोसीच्या चांदीच्या डोंगरात स्पेनच्या राजासाठी वेठीला जाणाऱ्याने घोंगडी घरचीच न्यायची. लोरेन्सो माझ्यात दगड भरी, मला पाठीवर घेऊन छातीशी गाठ मारी आणि अंगठ्याला मेणबत्ती बांधून कातड्याच्या शिड्या चढे. मी कधी उसवले नाही. "घोंगडी आहे की खेचर!" सोबती म्हणत, आणि मी फुगून जाई.

वेठीचे वर्ष भरले. मेल्चोरा त्याला न्यायला आली, तेव्हा मुकादम म्हणाला, "तुमच्या गावची सहा माणसं पळाली. त्यांची पाळी कोण भरणार, तुझा आजा? सोमवारी बाप पुन्हा आत."

हा मुकादम चेहरे बघत नसे. घोंगड्यांवरच्या खुणा बघून गावागावाची माणसे वेगळी काढी.

मेल्चोराने मला मांडीवर घेतले आणि ती पट्टे उसवायला लागली.

"अगं, परगावचा ठरलो तर आपली जमीन जाईल, पोरी."

"परगावच्याला वेठ नाही, ताता. खोकून खोकून तुम्हीच गेलात, तर त्या जमिनीत मी एकटीनं बटाटे लावू?"

"तुझी आईपण अशीच भांडायची."

तीन पट्टे निघाले, त्यांच्या जागी खालच्या खोऱ्याच्या खुणेचे पिवळे आले. चौथ्यावर त्याने हात ठेवला. "हा राहू दे. गाठीत लपेल."

सोमवारी लोरेन्सो मला पाठीवर बांधून खोऱ्याकडे निघाला, तर मुकादम शहराबाहेरच्या वाटेवरच उभा होता.

"कुठला रे तू?"

"खालच्या खोऱ्यातला, मालक."

"खोऱ्यातली माणसं एवढी राखेसारखी?"

"धूळ आहे, मालक. तिकडंही असते."

त्याने माझा कोपरा ओढला. पिवळे पट्टे पाहिले. लोरेन्सोची मूठ गाठीवर घट्ट होती आणि गाठीत चौथा लाल पट्टा होता.

"चल, फूट."

अकरा वर्षे तो खोऱ्यात दुसऱ्याच्या मक्यात राबला. जमीन गेली ती गेलीच. पण रोज संध्याकाळी लेकीशी भांडायला तो घरी असे. माझ्याखालीच त्याने डोळे मिटले.

मेलेल्याचे कपडे आठव्या दिवशी नदीवर धुऊन जाळायचे, ही इथली रीत. मेल्चोराने मला धुतले, वाळवले, जाळले मात्र नाही. पिवळे दोरे काढून तिने तीन लाल पट्टे पुन्हा भरले. एक टाका वाकडा पडला नाही.

आज मी तिच्या नातवंडांच्या अंगावर असते. मला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि मित्रांनो, ओझे घेतलेला कुणी वाटेत भेटला, तर त्याची घोंगडी मागाहून बघा. आधी त्याच्या तोंडाकडे बघा.