डावा खिळा, उजवा खिळा

काचेच्या पट्टीवरचे ते लाल धागे चक्क चालत होते. सुईवाल्या बाईंनी डोळा चोळून पुन्हा सूक्ष्मदर्शकाला लावला. ना पाय, ना शेपूट, तरी एकेक धागा दुसऱ्याच्या अंगावरून सावकाश सरकत होता. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून बाई घरच्या टाकीतली घाण बघत बसल्या होत्या, आणि घाण भलतीच देखणी निघाली होती.

अर्ध्या वस्तीचं रक्त त्यांनीच काढलेलं, म्हणून त्या सुईवाल्या बाई. घरी त्या आणि बाबा, दोघंच. बाबांचा जन्म गेला जहाजाच्या इंजिनाला तेलपाणी करण्यात. नोकरी संपल्यावर गृहस्थाने समुद्रच घरी आणला. खाऱ्या पाण्याची छोटी टाकी, दोन नारिंगी मासे आणि एक हिरवं प्रवाळ. अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, त्याचा आता पंजा झाला होता. बाबांचा जीव त्या पंजात.

आणि त्याच्याच बुडाशी हा लाल बुळबुळीत थर येऊन पोचला होता. आधी वाळूवर पसरला, मग दगडावर चढला. बाईंनी तो नळीने ओढून काढला, पाणी बदललं, पंपाचं तोंड फिरवून प्रवाह वाढवला. टाकी दोन दिवस लख्ख, की ये रे माझ्या मागल्या! बाबा समोर खुर्ची टाकून नुसते बघत बसत. “हे प्रवाळ गेलं तर मी दिवसभर करू काय?” असं एकदा म्हणाले, तेव्हा बाईंनी थोडा थर बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला.

संध्याकाळी त्या माशांच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, हे शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत, उष्ट्यावर पोसतात. खाणं किती घालता? बाई म्हणाल्या, बाबा घालतात, सकाळी एकदा, चिमुकला चमचाभर. मग आणखी एक डबा द्या, म्हणाल्या. दुकानदाराने डोळे बारीक केले.

“ताई, एवढा डबा लोकांना वर्षभर जातो. तुम्ही तीनच महिन्यांपूर्वी तर नेलात.”

घरी येताना बाईंनी मनाशी हिशोब मांडला. बाबा हल्ली “जेवलीस का?” हे एका संध्याकाळी कितीदा विचारत! आणि त्याही कधीकधी वैतागून “हो म्हटलं ना” म्हणत. जगाच्या रक्तातला दोष शोधणाऱ्या बाईंनी घरातल्याकडे मात्र सोयीस्कर काणाडोळा केला होता.

सुट्टीच्या दिवशी त्या भाजी निवडायच्या निमित्ताने टाकीवर नजर ठेवून बसल्या. बाबांनी दिवा लावला, चमचाभर खाणं घातलं, चमचा लटकवला आणि पेपर उघडला. बाईंनी नेहमीप्रमाणे उठून काचेवरचे मिठाचे डाग पुसले, फडकं खिळ्याला अडकवलं आणि पुन्हा भाजीकडे वळल्या. थोड्या वेळाने बाबा आले. माशांकडे त्यांनी बघितलंच नाही. टाकीखालच्या कपाटाकडे बघितलं, चमचा उचलला आणि पुन्हा डबा उघडला.

“बाबा, आत्ताच घातलंत की.”

“छे. चमचा डावीकडे आहे.”

कपाटाला दोन खिळे होते, हे बाईंना माहीत होतं. डाव्याला चमचा, उजव्याला फडकं, अशी त्यांची टापटीप. बाबा शांतपणे सांगू लागले. इंजिनाजवळ असेच दोन खिळे असत. तेल घातलं की बिल्ला डावीकडून उजवीकडे टांगायचा. पाळी बदलली की नवा माणूस कुणाला विचारत नसे, आठवत बसत नसे, नुसता खिळा बघे. इथेही तेच. खाणं घातलं की चमचा उजवीकडे, रात्री दिवा मालवला की परत डावीकडे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! फडक्याला जागा हवी म्हणून बाईच तो चमचा रोज डावीकडे नेत होत्या. सकाळी एकदा, कामावरून घरी आल्या की एकदा, संध्याकाळी पुन्हा.

“पण बाबा, घातलं की नाही ते आठवत नाही तुम्हाला?”

“नाही ना आठवत. म्हणून तर खिळे.”

“कधीपासून?”

“तेही आठवत नाही,” म्हणून बाबा हसले. बाईंना हसू आलं नाही. आपल्याला कळायच्या आधी बाबांना सगळं कळलं होतं आणि कुणाला त्रास नको म्हणून त्यांनी गुपचूप दोन खिळे ठोकले होते.

फडकं स्वयंपाकघरात गेलं. लाल थर हळूहळू विरला. हिरवा पंजा पुन्हा उघडला आणि पाण्यात डोलू लागला. बाबा खुशीत आले. त्यांनी जेवणाच्या मेजाजवळ आणखी दोन खिळे ठोकले आणि बाईंचा दांडीचा पेला डावीकडे टांगला.

“जेवलीस की उजवीकडे लाव. विचारून विचारून तुझं डोकं उठवतो मी.”

बाईंनी शहाण्यासारखं तसं केलं. त्या संध्याकाळी बाबा आले, पेल्याकडे बघितलं आणि काही न बोलता खुर्चीवर जाऊन बसले. दुसऱ्या संध्याकाळीही तसंच. घर कसं गप्प गप्प झालं. वैताग गेला होता, पण बाईंना चैन पडेना.

तिसऱ्या संध्याकाळी त्या जेवल्या, पेला विसळला, पुसला आणि डाव्या खिळ्याला टांगला.

बाबा आले. खिळा बघितला.

“जेवलीस का गं?”

“नाही बाबा,” बाई म्हणाल्या आणि ताट घेतलं. “बसतेच आता.”