हलकेमहाराजांचा दंड

"उतरली! सहा किलो चरबी उतरली!" शिष्य ओरडला आणि टाळ्यांनी सभागृह दणाणलं. काट्यावर उभी असलेली माझी लेक आनंदाने रडत होती.

त्या शिष्याच्या गुरूंना लोक हलकेमहाराज म्हणत. स्वतःचं पोट मात्र चांगलं सुटलेलं. आधी भक्ताचं साधं वजन. मग सभागृहाला सात फेऱ्या. मग पुन्हा काट्यावर, डोळे मिटून, महाराजांचा दंड, म्हणजे त्यांची लांब काठी, धरायचा. "दोन्ही हातांनी खाली दाब, मुली! चरबी दंडातून जमिनीत जाते!"

लेक शिवणकाम करते, दिवसभर मशीनवर बसून. त्यात शुगर, त्यात गुडघे. पाच महिने रोज चालली, मोजून जेवली, चार किलो उतरवले. मग वजन हटूनच बसलं. "वजन घटलं की शरीर कंजूष होतं, भूक वाढवतं. तुमचा दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण लेकीचा धीर सुटला. महाराजांकडे नाव नोंदवलं त्या दिवसापासून चालणं बंद आणि शुगरच्या गोळ्याही बंद. तशी आज्ञाच होती. ऐकून मला किळस आली.

तीस वर्षं मी गोदामात पोती तोलली. अक्षरं पन्नाशीनंतर शिकलो, काटा त्याच्या कितीतरी आधी. तोलताना पोत्याला कुणाचा हात लागला तरी आम्ही खेकसायचो. इथे तर दंडाचं टोक काट्याच्या बाहेर, सरळ फरशीवर टेकलेलं!

"दंड सोड," मी पुढे होऊन म्हणालो.

"आप्पा, नको ना!"

"सोड गं बाई."

तिने सोडला. शहात्तरवरचा काटा सरकन परत ब्याऐंशीवर.

"पाहिलंत? श्रद्धा सुटली, चरबी परतली!" महाराज गरजले. आणि लोकांनी माना डोलावल्या. शी!

मग मीच काट्यावर चढलो. अठ्ठावन्न. "माझी तुमच्यावर कवडीची श्रद्धा नाही. फेरी एकही मारलेली नाही," म्हणत दंड दाबला. बावन्न. आणखी दाबला. सत्तेचाळीस.

मागून एक बाई खिदळली, "अहो आप्पा, पुरे! दिसेनासे व्हाल!"

सगळं सभागृह हसलं. शिष्य काटा उचलायला धावला.

लेक तेवढी हसली नाही. "म्हणजे माझे ते चार किलोच खरे?"

"तेवढेच. पण ते तू उतरवलेस, डोळे उघडे ठेवून."

घरी येऊन ती जेवली, गोळी घेतली. सकाळी गुडघा चोळत चालायला निघाली.

बाबांनो, वजन सावकाश उतरतं, मध्येच अडतं, कधी पुन्हा चढतंही. तासाभरात उतरवून दाखवणारा भेटला, तर त्याच्या तोंडाकडे पाहू नका. त्याची काठी कुठे टेकली आहे ते पाहा.